नाताळची कामट्यांची जुनी चांदणी कशी दुरुस्त करावी?

प्रश्न (खानापूर): आजोबांनी बांबूच्या कामट्या व पतंगाचा कागद वापरून केलेली पाचकोनी चांदणी दर नाताळात आमच्या ओसरीवर लागते आणि ६ जानेवारीचा तीन राजांचा सण झाल्यावरच उतरते. यंदा तिचा कागद फाटला असून काही कामट्यांना भुंगा लागला आहे. नवी विकत आणावी, असे घरात कुणालाच वाटत नाही. सांगाडा न मोडता ती दुरुस्त होईल का?

उत्तर (बेळगाव, कॅम्प): जरूर होईल. किडलेल्या कामट्या तेवढ्या बदला. सुतळीच्या गाठी मात्र शक्य तितक्या तशाच राहू द्या, कारण आजोबांचा हात त्यांतच दिसतो. कागद मैद्याच्या खळीने चिकटवावा, आणि खळ शिजवताना तीत चिमूटभर मोरचूद घालावे, म्हणजे कीड सहसा धरत नाही. मोरचूद विषारी असते, तेव्हा ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

उत्तर (निपाणी): आत जुना पिवळा बल्ब असल्यास एलईडी लावा, तापलेल्या बल्बने पतंगाचा कागद करपतो. नेवऱ्या (नाताळच्या करंज्या) करायला मुले जमतील, त्याच दिवशी त्यांनाही कागद चिकटवायला बसवा.