दक्षिण कोरियात लोकशाही कुणी आणली?

शिलाईघर (धागाकर्ती)

परवा एका ग्रुपवर वाचलं, "देश श्रीमंत झाला, मध्यमवर्ग वाढला की लोकशाही आपोआप येते, दक्षिण कोरिया बघा." त्या 'आपोआप'ने मला झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

सोलच्या प्योंगह्वा बाजारात १९६०च्या दशकात कपडे शिवायची शेकडो छोटी दुकानं होती. जागा वाचवायला एकाच खोलीत मधे फळ्या ठोकून माळा केलेला. त्यावर ताठ उभं राहता येत नसे. हवेत कापडाचा भुगा. तिथं तेरा-चौदा वर्षांच्या मुली हाताखाली कामाला असत, रोज चौदा-पंधरा तास. त्यांना 'शिदा' म्हणत. चॉन ते-इल नावाचा तरुण शिंपी बसच्या पैशांतून त्यांना खाऊ घ्यायचा आणि स्वतः घरापर्यंत चालत जायचा.

मग त्याला कळलं की कामाचे तास, सुट्टी, आरोग्य तपासणी हे सगळं १९५३च्या कामगार कायद्यात आहेच. शाळा अर्धवट सुटलेली, पुस्तकात चिनी अक्षरांची गर्दी, वाचताना पावलोपावली अडायचा. समजावून सांगायला कॉलेजातला एखादा मित्र हवा होता, असं त्याला वाटायचं. त्याने पाहणी केली, सरकारकडे अर्ज केले. काही हललं नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने स्वतःला पेटवून घेतलं, "कामगार कायदा पाळा! आम्ही यंत्रं नाही!" असं ओरडत. वय २२.

सरकारने स्वतःचाच कायदा पाळावा, ही मागणी. हुकूमशाहीला याहून मूळचा प्रश्न कोणता विचारणार? माझ्या मते तिथल्या लोकशाहीचा पाया त्या माळ्यावर घातला गेला.

ताळेबंद

ताई, तळमळ पोचली. चॉनबद्दल मलाही तितकाच आदर आहे. पण तारखा आपल्या बाजूने नाहीत. तेव्हाचा हुकूमशहा पार्क चुंग-ही याने १९७२ साली 'युशिन' ही नवी राज्यघटना आणून पकड आणखी घट्ट केली, म्हणजे चॉनच्या मृत्यूनंतर. १९८७च्या जूनमध्ये पार्कनंतरचा लष्करी हुकूमशहा चुन दू-ह्वान याला नमवलं ते विद्यार्थ्यांनी, चर्चने आणि ऑफिसातून थेट मोर्चात उतरलेल्या टायवाल्या नोकरदारांनी. पुढच्या वर्षी सोलमध्ये ऑलिम्पिक व्हायचं होतं, जगाचे डोळे लागलेले. २९ जूनला सत्ताधारी पक्षाच्या रोह ते-वूने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मान्य केली. संपांची मोठी लाट उठली ती त्यानंतर, जुलै ते सप्टेंबर, तीन हजारांहून जास्त तंटे. दार आधी उघडलं, कामगार मग आत आले. हा क्रम कसा नाकारणार?

शिलाईघर

क्रम नाकारत नाही. तुम्ही तो फार उशिरा सुरू करताय, एवढंच.

ऑगस्ट १९७९ घ्या. वायएच नावाचा केसांचे टोप बनवणारा कारखाना मालकाने बंद केला. दोनशेच्या आसपास मुली विरोधी पक्षाच्या कार्यालयात जाऊन बसल्या. ११ तारखेच्या पहाटे पोलीस आत घुसले. किम क्यंग-सुक ही २१ वर्षांची कामगार त्यात गेली. पक्षनेते किम यंग-साम सरकारवर आणखी तुटून पडले, ऑक्टोबरमध्ये त्यांना संसदेतून काढलं. त्यांच्या बुसानमध्ये आणि शेजारच्या मासानमध्ये उठाव झाला. २६ ऑक्टोबरला पार्कला त्याच्याच गुप्तचर प्रमुखाने गोळ्या घातल्या. टोप विणणाऱ्या मुलींपासून तिथपर्यंत अडीच महिने.

आणि ८७चे विद्यार्थी कुठून आले? चॉनला जो कॉलेजातला मित्र मिळाला नाही, तो होण्यासाठी शेकडो मुलं-मुली खोट्या ओळखपत्रांवर कारखान्यांत कामाला लागली, रात्रशाळा चालवल्या.

रुळांजवळची

आमच्याकडचं उदाहरण उलटं जातं म्हणून लिहिते. मे १९७४चा रेल्वे संप, जॉर्ज फर्नांडिस पुढारी, वीस दिवस चालला आणि मोडला. साधारण वर्षभराने आणीबाणी. माझे वडील त्या संपात होते. भुसावळच्या घरी त्या वीस दिवसांचा विषय निघाला की आजही आई आवाज खाली करते. आणीबाणी संपली ती १९७७च्या मतपेटीने, संपाने नव्हे. कामगार हरले तर हुकूमशाहीची भीड चेपते, हेही या चर्चेत यायला हवं.

ताळेबंद

अगदी हेच म्हणतो. शिवाय १९७९मध्ये किम यंग-साम यांना काढण्याचं निमित्त होतं अमेरिकी वृत्तपत्राला दिलेली मुलाखत. आणि पार्क गेल्यावर लोकशाही आली का? डिसेंबरात चुनचं लष्करी बंड, पुढच्या मे महिन्यात ग्वांगजू शहरात लष्कराने आंदोलकांचा केलेला रक्तपात. कामगारांचा त्याग मोठा, पण सत्ता हलवायला समाजाचा मधला थर लागतो. तो हलेपर्यंत त्या पोरींचे बळी जातच राहिले. त्यांना पुढे ढकलणाऱ्या विचाराचीच मला धास्ती वाटते.

शिलाईघर

त्यांना कुणी ढकललं नव्हतं हो. १९७८मध्ये इंचॉनच्या दोंगिल कापड गिरणीत बायकांनी स्वतःच्या युनियनची निवडणूक घ्यायची ठरवली, तर त्यांच्या अंगावर मैला फेकला गेला. तरी त्या लढत राहिल्या. देशात राष्ट्राध्यक्ष थेट निवडता येत नव्हता, तेव्हा या बायका आपला प्रतिनिधी मतदानाने निवडत होत्या.

रुळांजवळची, तुमच्या वडिलांचा संप मोडला हे खरं. पण १९७७ला मुजफ्फरपूरच्या मतदारांनी त्याच फर्नांडिसना तुरुंगात असताना निवडून दिलं. मतपेटी आणि संप इतके वेगळे काढता येतात का?

आणि २९ जूनने सगळं मिळालं असतं तर उल्सानमध्ये ह्युंदाईचे कामगार लगेच का उठले? त्यांच्या मागण्यांत पगाराबरोबर केस वाढवायची मोकळीक होती. फाटकावर रखवालदार केस तपासायचे, लांब दिसले तर तिथंच कातरायचे. मत मिळालं, पण फाटकाच्या आत डोकंही स्वतःचं नव्हतं.

ताळेबंद

केसांचं ठाऊक नव्हतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी डिसेंबर १९८७ विसरू नका. विरोधकांचे दोन्ही किम, किम यंग-साम आणि किम दे-जुंग, वेगळे लढले आणि ३७ टक्क्यांहून कमी मतांत रोह ते-वू, म्हणजे चुनचाच माणूस, निवडून आला. एवढे कामगार रस्त्यावर उतरूनही. हे मला अजून खुपतं.

शिलाईघर

मलाही. चॉनने मरताना आईकडून वचन घेतलं होतं, माझं अर्धं राहिलेलं काम तू कर. ती आई, ली सो-सन, त्या निकालानंतरही मोर्चात जात राहिल्या, तुरुंगवास तर आधीच भोगून झाला होता. त्या २०११ साली गेल्या. वचनाला तेव्हा एक्केचाळीस वर्षं होत आली होती.