नीरव मोदीची चित्रं लिलावात विकायला नको होती

काळाघोडाकर (धागाकर्ता):

हिरेव्यापारी नीरव मोदीचा विषय निघाला की रोल्स रॉइस घोस्ट, वरळीच्या समुद्रमहालमधलं घर, लंडनमध्ये पत्रकाराने गाठलं तेव्हा अंगात असलेलं शहामृगाच्या कातड्याचं जॅकेट, हेच ऐकू येतं. मला त्याच्या चित्रांबद्दल बोलायचं आहे. त्या सगळ्या ऐषारामात जपून ठेवावी अशी हीच गोष्ट होती. ती सरकारच्या हातात आली होती आणि सरकारने ती घालवली.

ज्यांना तपशील आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतून नीरव मोदी आणि त्याचा मामा मेहुल चोक्सी यांच्या कंपन्यांसाठी वर्षानुवर्षं बनावट हमीपत्रं (परदेशातल्या बँकशाखा ज्यांच्या भरवशावर कर्ज देतात ती) निघत राहिली. फेब्रुवारी 2018 मध्ये बँकेने शेअर बाजाराला कळवलं तेव्हा आकडा 11,400 कोटींच्या आसपास होता, पुढे तो 13,000 कोटींच्या वर गेला. नीरव 1 जानेवारी 2018 लाच देशाबाहेर पडला होता. 19 मार्च 2019 ला लंडनच्या होबर्न भागात बँकेत खातं उघडायला गेला आणि तिथे पकडला गेला. त्याच आठवड्याच्या पाठोपाठ, 26 मार्चला, आयकर खात्याने थकबाकीपोटी त्याच्या संग्रहातल्या 68 कलाकृती मुंबईत लिलावाला काढल्या. वासुदेव गायतोंडे यांचं 1973 चं तैलचित्र 25 कोटींच्या वर गेलं. राजा रविवर्म्याचं 1881 चं चित्र, ज्यात त्रावणकोरचे महाराज आणि त्यांचे धाकटे बंधू ड्यूक ऑफ बकिंगहॅमचं स्वागत करताहेत, ते 16 कोटींच्या वर गेलं. सगळे मिळून सुमारे 59 कोटी. मार्च 2020 मध्ये ईडीने दुसरा लिलाव केला, त्यात अमृता शेरगिलचं 1935 चं चित्र आणि हुसेनांचं महाभारतावरचं चित्रही गेलं.

13,000 कोटींपुढे 59 कोटी म्हणजे अर्धा टक्काही नाही. एवढ्यासाठी आपण काय दिलं ते बघा. गायतोंडे गिरगावात वाढले, जे.जे.त शिकले, वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. त्यांचं मोठं प्रदर्शन 2014 मध्ये भरलं ते न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये. त्यांचं एक अव्वल चित्र सरकारच्या ताब्यात होतं, आणि ब्रॅडी हाउसपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, कावसजी जहांगीर हॉलमध्ये, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिथे ते लागलं असतं तर जे.जे.तला कुठलाही विद्यार्थी त्याच्यासमोर उभा राहू शकला असता. ते जास्त बोली लावणाऱ्याला मिळालं.

निवृत्त बँकवाला:

साफ असहमत. मी आयुष्यभर शाखेत बसलोय, दुसऱ्या एका सरकारी बँकेत, म्हणून स्पष्ट सांगतो. वसुलीत ‘अर्धाच टक्का आहे, सोडून द्या’ असा हिशेब नसतो. हाती लागेल ते विकायचं आणि खात्यात जमा करायचं. पंजाब नॅशनल बँकेने 2017-18 च्या शेवटच्या तिमाहीत 13,417 कोटींचा तोटा दाखवला. तो कुणाच्या खिशातून भरला जातो? सरकार भांडवल घालतं, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून.

आणि हे झालं कसं तेही लोकांनी नीट समजून घ्यावं. हमीपत्राचा संदेश स्विफ्टवरून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून) परदेशातल्या शाखांना जायचा, पण त्याची नोंद बँकेच्या कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे मुख्य हिशेबाच्या संगणकात, होतच नव्हती, कारण या दोन यंत्रणा जोडलेल्याच नव्हत्या. तारण नाही, मंजूर मर्यादा नाही, आणि जुनं हमीपत्र फेडायला नवं काढायचं. ही हमीपत्रं काढणारा शाखेचा उपव्यवस्थापक मे 2017 ला निवृत्त झाला. जानेवारी 2018 मध्ये कंपनीची माणसं पुन्हा हमीपत्रं मागायला आली, तेव्हा नव्या अधिकाऱ्याने शंभर टक्के रोख मार्जिन मागितलं, म्हणजे पूर्ण रक्कम आधी बँकेत ठेवा. ते म्हणाले, पूर्वी कधी द्यावं लागलं नाही. तिथून सगळं उघडं पडलं. एका माणसाने नियमातला साधा प्रश्न विचारला म्हणून. त्यानंतर 13 मार्च 2018 ला रिझर्व्ह बँकेने ही हमीपत्रंच बंद केली आणि जे प्रामाणिक निर्यातदार त्यावर आयात करत होते तेही अडचणीत आले. हे सगळं सोसलेल्या माणसाला ‘चित्र भिंतीवर लावलं असतं’ हे सांगून बघा.

काळाघोडाकर:

बँकवाले काका, तुमचा राग मला मान्य आहे, पण पहिल्या लिलावाचे पैसे बँकेला मिळाले नाहीत. ते आयकराच्या थकबाकीत गेले. म्हणजे ठेवीदाराच्या नावाने जो युक्तिवाद होतोय तो गायतोंडेंच्या चित्राला लागूच होत नाही. सरकारने एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकावं तसं एका खात्याने संस्कृती विकून तिजोरीत भर घातली.

चित्रवेडी:

मला गायतोंडे फार प्रिय आहेत, तरीही मी धागाकर्त्यांच्या विरोधात आहे.

नीरव मोदीची अभिरुची ही त्याची हौस होती असं समजून आपण बोलतोय. ती त्याची पत होती. 2010 मध्ये हाँगकाँगला क्रिस्टीजच्या लिलावात त्याचा गोलकोंडा हिऱ्याचा हार गेला आणि तो रातोरात नाव झाला. मग दिल्ली, काळा घोडा, 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर दुकान, जाहिरातीत प्रियांका चोप्रा. काळा घोड्यालाच बंद पडलेलं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान त्याच्या कंपनीने विकत घेतलं, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांना वाटलं की चला, जाणकाराच्या हातात गेलं. मोठी चित्रं त्याच साखळीतली. ज्याच्या भिंतीवर रविवर्मा आहे त्याच्याकडे तारण कोण मागणार, हा विश्वास त्याने विकत घेतला होता. ब्रॅडी हाउसमध्ये हमीपत्रं निघत होती त्याला बाहेरून आधार या झगमगाटाचा होता.

गायतोंडेंचं ते चित्र संग्रहालयात लागलं असतं तर त्याच्या इतिहासात ‘नीरव मोदी संग्रह’ ही ओळ कायमची बसली असती, सरकारी शिक्क्यासह. त्याला कलासक्त म्हणून हा मान मिळावा असं मला अजिबात वाटत नाही. शिवाय संग्रहालयात गेलं की लोकांना दिसतं हे गृहीत धरू नका. कुठल्याही संग्रहालयाचा बराचसा संग्रह कोठारातच असतो. मुंबईत गायतोंडे पाहायचे तर टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेच्या संग्रहात आहेत, तिचे संस्थापक होमी भाभा यांच्या काळापासून. किती मुंबईकरांनी तो संग्रह पाहिलाय?

काळाघोडाकर:

ताई, चित्रांनी त्याची पत वाढवली हा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि माझ्या पोस्टमध्ये तो यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. जी वस्तू लोकांना फसवायला वापरली गेली ती लोकांसमोर ठेवावी, शेजारी पाटी लावून: कुणाकडून जप्त, कुठल्या गुन्ह्यात, किती रकमेच्या. तो मान कसा होईल? आणि भाभांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. सार्वजनिक संस्थेने तेव्हा चित्रं घेतली म्हणून आज ती सार्वजनिक आहेत.

अलिबागकर:

नीरव मोदीच्या अलिबागजवळच्या किहीमच्या बंगल्याचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. 33,000 चौरस फुटांचा तो बंगला 8 मार्च 2019 ला सुरुंग लावून पाडला. लिलावाच्या अडीच आठवडे आधी. विकला असता तर चित्रांपेक्षा जास्त पैसे आले असते असं आमच्याकडे बरेच जण म्हणत होते. मला ते पाडणंच योग्य वाटतं, कारण किनाऱ्यावरच्या बेकायदा बांधकामांवर उच्च न्यायालयात लोक वर्षानुवर्षं लढत होते. तिथे सरकारने पैसा बाजूला ठेवला आणि कायदा पाळला. मग चित्रांच्या बाबतीत फक्त पैसाच का पाहिला, हा धागाकर्त्याचा प्रश्न मला पटतो.

कोर्टाची पायरी:

थोडा कायदा. थकीत करापोटी जप्त केलेली जंगम वस्तू वसुली अधिकाऱ्याने ‘मला आवडली, ठेवून घेतो’ म्हणून ठेवता येत नाही. जाहीर लिलाव हाच त्याचा रस्ता. त्यामुळे आयकर खात्याला दोष देणं चुकीचं आहे.

मात्र पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, 1972 यात कलम 19 आहे. सार्वजनिक ठिकाणी जतन करण्यासाठी केंद्र सरकार पुरावस्तू किंवा कलानिधी भरपाई देऊन सक्तीने संपादित करू शकतं. रविवर्मा आणि शेरगिल या दोघांची कामं कलानिधी, म्हणजे देशाचा कलाठेवा, म्हणून घोषित आहेत, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे त्या दोन चित्रांसाठी रस्ता उघडा होता. ज्यांची कामं अशी घोषित आहेत त्या नऊ कलावंतांच्या यादीत गायतोंडे नाहीत. त्यांच्या चित्रासाठी सरकारला इतरांसारखीच बोली लावावी लागली असती.

कर्जतकर (अहिल्यानगरचं, रायगडचं नाही):

तुमचं सगळं वाचलं. आमच्या तालुक्यात खंडाळ्याला त्याचा सौर प्रकल्प होता. मार्च 2018 मध्ये शेतकरी बैलगाड्या आणि तिरंगा घेऊन त्या जमिनीवर गेले आणि नांगर धरला. एकरी कवडीमोल भावात आमच्याकडून घेतली, असा त्यांचा आरोप होता. चित्रासाठी कलम 19 आहे. त्या जमिनीसाठी कुठलं कलम आहे ते कुणी सांगेल का? मुंबईतली चर्चा नेहमी काळा घोड्यापाशी सुरू होऊन तिथेच थांबते, याचं मनापासून वाईट वाटतं.

निवृत्त बँकवाला:

कर्जतकरांशी सहमत, आधी माणसं. आणि काळाघोडाकर, दुसऱ्या लिलावाचं काय? तो ईडीचा होता, आणि ईडीने जप्त केलेल्या मालमत्तेवर बँकांचा दावा असतो. डिसेंबर 2024 मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की नीरव मोदी प्रकरणात 1,052 कोटी बँकांना परत मिळाले. ते असेच एकेक वस्तू विकून जमतात. शेरगिल ठेवून घ्यायची होती तर सरकारने बँकेला तिची किंमत मोजायला हवी होती. तशी तयारी असेल तर माझी हरकत नाही, फुकटात ठेवायला मात्र आहे.

काळाघोडाकर:

किंमत मोजावी, हेच तर म्हणतोय. निजामाचे दागिने केंद्र सरकारने 1995 मध्ये 218 कोटी देऊन घेतलेच ना? पॅरिसचं पिकासो संग्रहालय वारसांनी वारसा कराऐवजी दिलेल्या चित्रांवर उभं राहिलं. आपल्याकडे कर थकवणाऱ्याचं चित्र बाजारभावाने मोजून थेट संग्रहालयाकडे वळवण्याची तरतूद हवी, बँकेचा दावा असेल तर तेवढी रक्कम सांस्कृतिक मंत्रालयाने बँकेला द्यावी. खंडाळ्याच्या जमिनीबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. कोर्टाची पायरी, जमीन ईडीने जप्त केलेली असेल तर मूळ शेतकऱ्याला दावा लावता येतो का?

कोर्टाची पायरी:

मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम 8(8) खाली, ज्याचं नुकसान झालंय आणि ज्याचा त्या मालमत्तेवर कायदेशीर हक्क आहे तो विशेष न्यायालयात परत मागू शकतो. पण विक्रीखत झालेलं असेल तर आधी ते फसवणुकीने झालं हे दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागेल. कर्जतकर, सातबारा, फेरफार आणि खरेदीखताच्या प्रती असतील तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा, तिथे पात्र शेतकऱ्याला वकील फुकट मिळतो.