शब्दचर्चा: आयपीव्ही६कडे ‘स्थलांतर’ की ‘संक्रमण’?

प्रश्न: इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देणारा जुना प्रोटोकॉल (नियमसंच) म्हणजे आयपीव्ही४ आणि नवा आयपीव्ही६; थोडक्यात ‘चार’ आणि ‘सहा’. चारकडून सहाकडे जाण्याला सर्रास ‘स्थलांतर’ म्हणतात. योग्य आहे का? ‘संक्रमण’ म्हटलं की रोग आठवतो.

– ‘स्थलांतर’ नको. त्यात जुनं घर सुटतं. इथे बहुतेक ठिकाणी दोन्ही प्रोटोकॉल शेजारी नांदतात, म्हणजे ड्युअल स्टॅक. फायरवॉलचे नियमही दोनदा लिहायचे. चारचे लिहून सहाचे विसरलात, की दार सताड उघडं. शिवाय सहा बिघडलं तरी ब्राउझर साधारण २५० मिलिसेकंद थांबून चारकडे वळतो, त्यामुळे बिघाड कुणाला जाणवतच नाही. तपासताना चार मुद्दाम बंद करा.

– रोगासाठी मराठीत ‘संसर्ग’ आहेच. ‘संक्रमणकाळ’ही रुळलेला. अडचण वेगळीच: सूर्याचं संक्रमण ठरल्या क्षणी होतं, इथे तसा क्षण नाही. सहाचं मानक डिसेंबर १९९८चं, आयाना या जगभर पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडचा चारच्या पत्त्यांचा मोकळा साठा ३ फेब्रुवारी २०११ला संपला, तरी चार चालूच. भिजत घोंगडं!

– ‘पत्ते संपले’ हेही ढिलं. नव्याने वाटायचे संपले. जुने विकले जातात, भाड्याने मिळतात आणि नॅटमागे (पत्ते बदलून देणाऱ्या यंत्रणेमागे) असंख्य ग्राहक एकाच पत्त्यावर बसतात.

– माझा आक्षेप आयपीव्हीतल्या ‘व्ही’ला, म्हणजे ‘आवृत्ती’ला. नव्या आवृत्तीला जुनं वाचता येईल असं वाटतं. या दोघांना एकमेकांची भाषाच कळत नाही, मध्ये दुभाषा लागतो. फक्त सहा असलेल्या यंत्राला चारवरचं संकेतस्थळ हवं असेल, तर डीएनएस६४ (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, तिचाच हा प्रकार) चारच्या पत्त्याचे ३२ बिट ६४:एफएफ९बी::/९६ या उपसर्गामागे जोडून सहाचा पत्ता बनवतो आणि नॅट६४ हा दुभाषा हेडर, म्हणजे प्रत्येक पॅकेटवरची (माहितीच्या तुकड्यावरची) पत्त्यांची चिठ्ठी, बदलतो. पण अ‍ॅपमध्ये चारचा पत्ता थेट अंकांत लिहिलेला असेल, तर डीएनएसला कुणी विचारतच नाही आणि जोडणी फसते. त्यासाठी यंत्रावरच चारचं सहात भाषांतर करणारं ४६४एक्सएलएटी लागतं.

– दुभाष्याबद्दल पुस्ती: चारचं हेडर किमान २० बाइटांचं, सहाचं ४०. सहामध्ये वाटेतला राउटर पॅकेट तोडत नाही, ‘पॅकेट फार मोठं’ असा निरोप आयसीएमपीव्ही६ने (अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलने) परत पाठवतो. जुन्या सवयीने आयसीएमपी सरसकट अडवलं, की जोडणी जुळते, पान मात्र अर्ध्यात लटकतं. छोटी पॅकेटं जातात, मोठी हरवतात.

– तर प्रक्रियेला ‘संक्रमण’, आजच्या स्थितीला ‘दुहेरी जोडणी’. ‘स्थलांतर’ फक्त जिथे चार खरोखर बंद केलं तिथे.

– चारनंतर एकदम सहा का?

– पाच हा आकडा स्ट्रीम प्रोटोकॉल नावाच्या प्रयोगाने आधीच घेतला होता.