अनुभव धागा: कमी पैशांतले भयपट, मापासकट

धागाकर्ता

भयपटांचा विषय निघाला की चर्चा 'सगळ्यात भीतिदायक कोणता' यावरच अडकते. इथे ते नको. घाईत, तुटपुंज्या पैशांत, गल्ल्यावर डोळा ठेवून काढलेले भयपट आणि त्यांच्याच भावकीतले एक्स्प्लॉइटेशन सिनेमे (आधी पोस्टर विकायचं, मग त्याला शोभेल असा सिनेमा काढायचा ही त्यांची रीत) यांत भीती नेमकी कशी घडवतात ते लिहा. माप लिहा, सामान लिहा, कुठे फसतं आणि का फसतं ते लिहा. बालपणीच्या आठवणी दुसऱ्या धाग्यात.

माझं मत आधीच सांगते. या सिनेमांची शैली वेगळी आणि काटकसर वेगळी असं नसतं. पैसे नाहीत म्हणून जी युक्ती काढली, तीच पुढे शैली झाली. १९७८ च्या 'हॅलोविन'मधल्या खुन्याचा मुखवटा घ्या. दोन डॉलरच्या आतबाहेरचा, दुकानातला तयार, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा. डोळ्यांची भोकं मोठी केली, वरून पांढरा रंग फवारला, आणि त्यावरचा सगळा भाव पुसला गेला. तो कोरेपणाच भिववतो. महागडा राक्षस परवडला असता तर हे सुचलंच नसतं.

रंगपेटी

रक्तापासून सुरुवात करू.

या क्षेत्रात सगळे ज्याचा आधार घेतात ते प्रमाण हॉलिवूडचा मेकअप कलाकार डिक स्मिथ याचं: सुमारे एक लिटर पांढरं कॉर्न सिरप, एक सपाट छोटा चमचा मिथाइल पॅराबेन (टिकण्यासाठी), साधारण ६० मिली लाल खाद्यरंग, पाच छोटे चमचे पिवळा खाद्यरंग आणि ६० मिली फोटो-फ्लो. हे शेवटचं म्हणजे फिल्म धुताना वापरायचं रसायन. त्याने पाकाचा पृष्ठताण कमी होतो आणि रक्त कापडावर मण्यांसारखं न थांबता आत मुरतं. पण ते विषारी आहे. तोंडात, डोळ्यांजवळ कधीच नको.

आपल्याकडे कॉर्न सिरपऐवजी लिक्विड ग्लुकोज घ्या, केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं. ते फार चिवट असतं, म्हणून अर्ध्या लिटरला १०० मिलीच्या आसपास कोमट पाणी थोडं थोडं घालत सैल करा. रंगाची पूड असेल तर आधी दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवा, नाहीतर पाकात ठिपके राहतात आणि जवळच्या शॉटमध्ये ते दिसतातच. पिवळा रंग विसरू नका. नुसत्या लालाचा ओघळ कडेला गुलाबी पडतो, सरबतासारखा. शेवटी पाव ते अर्धा चमचा कोको, कारण नुसता पाक काचेसारखा आरपार दिसतो. 'ईव्हिल डेड'वाल्यांनी त्यासाठी कॉफीत घालायची भुकटी वापरली होती.

परीक्षा अशी: पांढऱ्या बशीत चमचाभर ओता आणि बशी तिरकी करा. मधला जाड भाग गडद, जवळजवळ विटकरी दिसला पाहिजे. पसरलेली कड लाल राहिली पाहिजे. कड गुलाबी आली तर पिवळा कमी आहे, तपकिरी आली तर कोको जास्त आहे. ही परीक्षा ज्या दिव्यांखाली शूटिंग आहे त्याच दिव्यांखाली करा. निळ्या-हिरव्या प्रकाशात हेच रक्त काळं दिसतं, तिथे कोको टाकूच नका.

कपड्यावर मुरायला हवं असेल तर फोटो-फ्लोच्या जागी भांडी घासायच्या लिक्विडचा एक छोटा चमचा. हे मिश्रण वेगळ्या बाटलीत, बाटलीवर ठळक 'तोंडात नको' लिहून ठेवा.

फसतं ते इथे: पाक वाळला की कापड पापडासारखं कडक होतं आणि कातडीला चिकटतं, म्हणून एकाच कपड्याचे किमान तीन जोड लागतात. जमिनीवर सांडलेलं लगेच पुसलं नाही तर तासाभरात मुंग्या लागतात. रक्त सोडायच्या पंपाची बारीक नळी दर टेकनंतर गरम पाण्याने धुतली नाही तर तुंबते. ही शेवटची गोष्ट किरकोळ समजू नका. 'टेक्सस चेन सॉ मॅसॅकर'च्या (१९७४) जेवणाच्या प्रसंगात चाकूमागची रक्ताची नळी चालेना, आणि अनेक टेकनंतर नटीचं बोट खरंच कापलं गेलं. नळी धुवा.

नवलकोल

रंगपेटीताई, एक भर. गोड पाक नको असेल तर झँथन गम (दाटपणा आणणारी पूड) वापरा. एक लिटर पाण्याला ३ ते ५ ग्रॅम. थेट पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात, त्या मोडता मोडत नाहीत. आधी दोन चमचे ग्लिसरिनमध्ये कालवा, मग ढवळत्या पाण्यात सोडा. मुंग्या येत नाहीत, कपडे धुता येतात. मात्र चकाकी पाकाइतकी येत नाही.

आवाजाबद्दल. 'सायको'तल्या (१९६०) भोसकण्याचा आवाज कॅसाबा नावाच्या खरबुजाचा आहे. अनेक फळांवर सुरी चालवून त्यातून तो निवडला. आपल्याकडे नवलकोल आणि लाल भोपळा चांगले चालतात. कलिंगड फसवतं, आत पोकळ झालेलं असलं की ढोलासारखं वाजतं. हाड मोडायला सेलरीचा जुडगा वापरतात. ताजी काकडी ओल्या फडक्यात गुंडाळून पिळली तरी काम होतं. माइक वीत-दीड वीत अंतरावर, थोडा बाजूला, म्हणजे शिंतोडे आणि वाऱ्याचा धक्का लागत नाही.

दचकवणाऱ्या आवाजात सगळे तो मोठा आवाज ऐकतात. खरं काम त्याच्या आधीच्या तीन-चार सेकंदांत झालेलं असतं, तिथे पंखा, रातकिडे, रस्त्याची गुणगुण हळूच काढून घेतलेली असते. घरी टीव्हीवर 'नाइट मोड' चालू असेल तर तो बारीक आवाज वर आणि मोठा आवाज खाली आणतो, म्हणजे नेमका हाच डाव मोडतो. तो बंद ठेवा.

कृष्णधवल

रक्त कृष्णधवल सिनेमात सोपं होतं. 'सायको'त आणि 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये (१९६८) चॉकलेट सिरप आहे. लाल रंगाचं तिथे काही कामच नव्हतं, दाटपणा आणि गडदपणा हवा होता.

पण मला लिहायचं आहे ते वेगळ्या युक्तीबद्दल: एकाच शॉटमध्ये, न कापता, चेहरा बदलतो ती. १९३१ च्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'मध्ये रूबेन मामुलियनने ती वापरली. १९५७ च्या 'ई व्हाम्पिरी'त मारिओ बाव्हाने त्याच युक्तीने तरुण बाई कॅमेऱ्यासमोर म्हातारी केली. फिल्म कृष्णधवल असते, पण सेटवर रंग असतात, यात सगळं आलं. सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या. लाल प्रकाशात लाल रेघ आणि कातडी सारखीच उजळ दिसतात, रेघ नाहीशी होते. हिरवा प्रकाश आला की लाल रेघ तो परत फेकत नाही, म्हणून काळी पडते.

घरी करून बघता येतं. नारिंगीकडे झुकणारी लाल लिपस्टिक घ्या. डोळ्यांखाली, नाकाच्या कडेने ओठांपर्यंत, कपाळावर रेघा काढा आणि कडा बोटाने विरवा. धारदार रेघ रंगवलेली वाटते. एकाच जागी दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. रंग बदलणारा एलईडी बल्ब उत्तम. पांढऱ्या दिव्यापुढे नाटकाचं जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावलं तर लालमधून थोडा पिवळा झिरपतो आणि रेघ पुरती मिटत नाही. तिथे जिलेटिनचे दोन थर लावा. फोन कृष्णधवल मोडवर, एक्स्पोजर लॉक. मग तीन-चार सेकंदांत लाल उतरवत हिरवा चढवा. एकूण उजेड कमीजास्त झाला की प्रेक्षकाला दिवे बदलल्याचं कळतं, म्हणून आधी चेहऱ्याऐवजी पांढरा कागद धरून दोन्ही दिव्यांची पातळी सारखी करून घ्या. सावळ्या चेहऱ्यावर हिरव्या प्रकाशात सगळाच चेहरा गडद होतो, तिथे हिरवा थोडा चढा ठेवावा लागतो. आणि दोन्ही दिवे एकमेकांना चिकटूनच हवेत, नाहीतर नाकाची सावली सरकते.

हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की संगणकावर केलेल्या रूपबदलाकडे पुन्हा त्याच नजरेने बघवत नाही. समोर चेहरा आहे, त्यावर प्रकाश आहे, आणि दोन्ही खरे आहेत.

फळीवाला

'ईव्हिल डेड'मध्ये (१९८१) जंगलातून जमिनीलगत धावत येणारी ती अदृश्य गोष्ट म्हणजे एक फळी. कॅमेरा मध्यभागी घट्ट, दोन टोकांना दोघं, आणि पळत सुटायचं. हे चालतं कारण एकाच्या पावलाचा धक्का फळीचं एकच टोक उचलतो, मधल्या कॅमेऱ्यापर्यंत तो निम्माच पोहोचतो.

फोनसाठी चार-पाच फुटांची फळी पुरते. मध्ये क्लॅम्प, खाली रबराचा तुकडा, सगळ्यात रुंद लेन्स, स्टॅबिलायझेशन बंद (चालू असेल तर चित्राच्या कडा जेलीसारख्या थरथरतात). जमिनीपासून वीतभर उंची. दोघांची उंची सारखी हवी आणि दोघांनी पावलं एकाच वेळी टाकायची नाहीत. लष्करी कवायतीसारखी पावलं पडली की दोन्ही टोकं एकदम उसळतात. वाट आधी चालून बघा, दगड काढून टाका.

दिवसा रात्र करायची तर सूर्य पात्रांच्या पाठीमागे घ्या, म्हणजे केसांच्या कडेवर चांदणं मिळतं. एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विन. आकाश चौकटीत नकोच, ते आलं की सोंग उघडं पडतं.

जुनी हवेली

रामसे बंधूंना हसणारे बरेच भेटतात. त्यांनी एक हिशेब बघावा. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन, निर्मिती: सात भावांत कामं वाटलेली, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला. 'दो गज ज़मीन के नीचे' (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला काढला. सेट उभारायचा खर्च नाही, युनिट एकाच जागी मुक्कामाला, आणि धुकं, जुन्या बंगल्यांचे व्हरांडे, झाडी फुकट.

त्यांचा प्रकाश नीट बघा. खिडकीतून निळा, जिन्याखालून हिरवा, दाराआडून लाल, आणि यातल्या एकाही दिव्याला कथेत कारण नाही. ही चूक नव्हे. आपल्या नाटकातही जिलेटिन असंच वापरलं जातं, आणि प्रेक्षक तो रंग भावना म्हणून वाचतो. 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) अनिरुद्ध अग्रवालचा सामरी जवळजवळ कायम खालून किंवा बाजूने उजळलेला आहे. अशा दिव्यात गालफडं आणि भुवया स्वतःच मेकअपचं काम करतात, रबर कमी लागतं आणि कमी दिसतं.

'पुराना मंदिर'मधला जगदीपचा विनोदी भाग 'शोले'ची नक्कल आहे आणि मूळ कथेपासून अगदी सुटा आहे. पहिल्यांदा बघताना तो पुढे ढकलू नका. दोन भीतीच्या प्रसंगांमधली सैल जागा तिथूनच मिळते.

मराठीत 'झपाटलेला'च्या (१९९३) तात्या विंचूमागे रामदास पाध्ये यांचा हात आहे. बाहुली चालवणारा लपवायचा म्हणजे सोफा, कठडा, टेबल असं काहीतरी बाहुलीच्या पुढ्यात लागतं. प्रत्येक शॉटमध्ये 'इथे माणूस कुठे बसला असेल' हे शोधत बघा, दृश्यरचना लगेच उलगडते.

रीळ

कुठली प्रत बघता यावर अर्धं मत ठरतं, म्हणून हे.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं नाव शेवटी बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर हक्काची (कॉपीराइटची) सूचना टाकायची राहून गेली. सिनेमा सार्वजनिक झाला आणि धुरकट प्रती सगळीकडे पसरल्या. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने फिल्म फाउंडेशनच्या साथीने जपलेली ४के प्रत शोधा. ओळख सोपी: चित्र जवळजवळ चौकोनी हवं. टीव्ही कडेपर्यंत भरला असेल तर वरची-खालची चौकट कापलेली आहे.

लांबी कमी दिसली म्हणून 'सेन्सॉरने कापलं' असं लगेच म्हणू नका. युरोपातल्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. फरक चार टक्क्यांहून जास्त असेल तरच कात्री शोधा.

त्या काळच्या इटालियन भयपटांत 'मूळ आवाज' हा शोध व्यर्थ आहे. नट आपापल्या भाषेत बोलत आणि सगळं नंतर डब होई. ओठ ज्या भाषेशी जास्त जुळतात ती निवडा. नावंही फसवतात: फुल्चीचा १९७९ चा 'झोंबी २' कशाचाही दुसरा भाग नाही. रोमेरोचा 'डॉन ऑफ द डेड' इटलीत 'झोंबी' नावाने लागला होता, एवढंच. नावाबरोबर दिग्दर्शक आणि वर्षही टाकून शोधा.

टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतःच भरून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. चालू ठेवलं की 'सस्पीरिया'सुद्धा मालिकेसारखा दिसतो.

धागाकर्ता

एक्स्प्लॉइटेशनवर फारसं कुणी लिहिलं नाही, म्हणून एक स्पष्ट नोंद. 'कॅनिबल होलोकॉस्ट'मध्ये (१९८०) माणसांचे मृत्यू खोटे आहेत. नट जिवंत असल्याचं दिग्दर्शकाला इटलीत न्यायालयापुढे दाखवावं लागलं होतं. प्राण्यांची हत्या मात्र खरी आहे, कासवाची तर फार लांबलेली. त्यात कसब काही नाही आणि मी त्याचं समर्थन करत नाही. ही दृश्यं वगळून बघायची सोय असलेली डिस्क अमेरिकेत निघाली आहे. बघायचाच असेल तर ती घ्या, आणि कुणाला दाखवणार असाल तर हे आधी सांगा.

धूप

धुराचं राहिलं. जमिनीलगत सरपटणारं धुकं हवं तर ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड), उणे ७८ अंशांचा. जाड हातमोजे घाला, तुकडे सुपारीएवढे करा, कोमट पाण्यात सोडा. उकळत्या पाण्यात टाकला तर एकदम भडका उडाल्यासारखं धुकं येतं आणि दोन मिनिटांत संपतं. बंद खोलीत वापरू नका. कार्बन डायऑक्साइड खाली साचतो आणि जमिनीवर पडलेल्या 'प्रेता'चं नाक तिथेच असतं. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात ठेवू नका, डबा फुटतो.

खोलीभर तरंगणारा धूर हवा तर धूप किंवा स्मोक मशीन. कॅमेरा चालू करण्याआधी पंखे बंद करून मिनिटभर थांबा, म्हणजे लोट मोडून पातळ थर बसतो. दिवा पाठीमागून ठेवा. पुढून लावला तर धूर दिसत नाही, फक्त चित्र फिकट होतं.