'लॉग' म्हणजे ओंडका, मग 'लॉग इन' कुठून आलं?

प्रश्न: दिवसभर कानावर पडतं: लॉग इन कर, लॉग फाईल बघ, तास लॉग कर. शब्दकोश उघडला तर लाकडाचा ओंडका! याचा संबंध काय? गणितातला लॉगही त्यातलाच का?

प्रतिसाद १: संबंध आहे, आणि तो जहाजावरचा आहे. जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेलं लाकूड, म्हणजेच लॉग, पाण्यात टाकत. पुढे पाव वर्तुळाची फळी आली. गोल कडेला शिसं, म्हणजे ती पाण्यात उभी राहावी. जहाज पुढे जाई, फळी जवळपास जागच्या जागी, दोरी सुटत जाई. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत जितक्या गाठी हातातून गेल्या, तितके नॉट (ताशी सागरी मैल) वेग. मला ही युक्ती फार आवडते, कारण भागाकार करावाच लागत नाही! हा आकडा ज्या वहीत उतरवायचा ती लॉगबुक. पुढे वही विमानात गेली, मग संगणकात. लॉग इन म्हणजे आल्याची नोंद.

प्रतिसाद २: ब्लॉगही तिथलाच. १९९७ मध्ये 'वेबलॉग', म्हणजे वेबवरची नोंदवही, आला, १९९९ मध्ये त्याचा 'ब्लॉग' झाला.

प्रतिसाद १: बरोबर! गणिताचं राहिलंच. तो लॉग वेगळ्या घराण्यातला. गणितज्ञ जॉन नेपियरने १६१४ मध्ये ग्रीक शब्द जोडून 'लॉगॅरिदम' केला, त्याचं हे लघुरूप. लाकडाशी काही देणंघेणं नाही. इंग्रजीतल्या 'लॉगसारखा झोपला' या वाक्प्रचारात मात्र सरळसरळ ओंडकाच.