यादी कुठली काढताय ते आधी बघा

जुन्या उबुंटूवरची पॅकेजं (म्हणजे बसवलेली सॉफ्टवेअरं) नव्यावर पुन्हा कशी बसवायची, यावर कुणी 'डीपीकेजी' या पॅकेज सांभाळणाऱ्या कमांडची 'गेट-सिलेक्शन्स' यादी सुचवली आहे. ती नव्या उबुंटूवर भरायला मी तरी जाणार नाही. त्यात आपण मागितलेली पॅकेजं आणि त्यांना लागतात म्हणून मागून आलेल्या लायब्रऱ्या यांची सरमिसळ असते, आणि आवृत्तीगणिक लायब्रऱ्यांची नावं बदलतात. उबुंटू 24.04 मध्ये 'लिबएसएसएल3' या लायब्ररीचं 'लिबएसएसएल3टी64' झालं, झाली का पंचाईत!

त्यापेक्षा ॲप्ट या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमची 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ही यादी घ्या, ती मुद्दाम मागितलेल्या पॅकेजांची असते. इन्स्टॉलरने टाकलेली थोडी पॅकेजं त्यातही घुसतात, ती हाताने छाटा. बाकीचं ॲप्ट स्वतःच ओढून आणतं, शिवाय नको झालेल्या लायब्रऱ्या काढणारं 'ऑटोरिमूव्ह' पुढेही नीट चालतं.

खरी गोम ही यादी नव्या उबुंटूवर बसवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आहे. सगळी नावं एकाच 'ॲप्ट-गेट इन्स्टॉल'ला दिली आणि त्यातलं एक जरी सापडलं नाही, तर एकही पॅकेज बसत नाही. म्हणून यादीतली नावं कमांडला पुरवणाऱ्या 'एक्सआर्ग्स'ला '-एन 1' देऊन एकेक नाव पाठवा, प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' म्हणणारं '-वाय' विसरू नका आणि एररचे संदेश वेगळ्या फाइलीत वळवा. वेळ लागतो, लागू दे. पण बाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजांची कोठारं) आणि त्यांची खात्री पटवणाऱ्या 'की' म्हणजे चाव्या आधी बसवून 'ॲप्ट अपडेट' केलेलं हवं. स्नॅप आणि फ्लॅटपॅक या ॲप्टबाहेरच्या पद्धतींनी बसवलेली सॉफ्टवेअरं या यादीत येतच नाहीत, त्यांच्या याद्या वेगळ्या काढा.