बेल्जियमची युद्धकाळातली लेस: दोरा यायचा कुठून?

प्रश्न: पहिल्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात. मग तिथल्या बायकांना लेससाठी दोरा मिळायचा कसा?

उत्तर १: हर्बर्ट हूवर (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) यांच्या मदत आयोगामार्फत. ब्रिटनची नाकेबंदी होती, पण वाटाघाटी करून दोरा आत आणि तयार लेस बाहेर विकायला.

उत्तर २: मी बॉबिन लेस शिकतेय, म्हणजे बॉबिनवर (छोट्या लाकडी रिळांवर) गुंडाळलेले दोरे एकमेकांत विणून केलेली लेस. उशीवर टाचण्या, चोवीस बॉबिन, आणि दोन तासांत जेमतेम बोटभर पट्टी, तीही गुंतलेली! त्या बायकांनी त्यात बेल्जियमचा सिंह, दोस्तराष्ट्रांची चिन्हं, चक्क वर्षांचे आकडेसुद्धा विणले.

प्रश्न: सिंह बॉबिनने?

उत्तर २: बारीक आकृत्या बहुतेकदा सुईच्या लेसच्या, म्हणजे सुई-दोऱ्याने टाके घालून केलेल्या. अशा लेस अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहेत, फोटो मोठा करून आयाळ बघा.